बॅटरीच्या पेटीवरचा हार

मोरेश्वर मिस्त्रींनी आयुष्यात हजारभर ट्रकांचं वायरिंग केलं असेल, पण बोटीचं कधी केलं नव्हतं. पांढुर्ण्यात बोटीचं काम येणार तरी कुठून? पावसाळ्याचे काही दिवस सोडले तर जाम नदीला पाणी ते किती! नागपूर रस्त्यावरच्या त्यांच्या दुकानात ट्रकचे हॉर्न यायचे, ट्रॅक्टरचे सेल्फ-स्टार्टर यायचे, लग्नसराईत बँडवाल्यांचे भोंगे यायचे. म्हणून सत्याऐंशीच्या दिवाळीनंतर मिस्त्रींनी एका मोटरबोटीचं काम घेतलं, तेव्हा शेजारचा टायरवाला म्हणाला, "आता उडतं इमान बी घ्या, मिस्त्री!" असल्या बोलण्यावर मिस्त्री एरवी हातातला पाना फेकायला कमी करणारे नव्हते. या वेळी मात्र त्यांनी ऐकून घेतलं, कारण काम लेकीच्या बोटीचं होतं.

लेक म्हणजे रजनी, त्यांची एकुलती एक. नर्सचं ट्रेनिंग करून ती सौंसरच्या सरकारी दवाखान्यात लागली होती. सौंसरपासून दहा-बारा किलोमीटरवर धरण होतं आणि धरणाच्या पाण्यापलीकडे तीन गावं. जुना रस्ता पाण्याखाली गेल्यापासून त्या गावांना जायचं तर बोटीनंच. दर मंगळवारी लहान लेकरांना टोचायची लस बर्फाच्या पेटीत घालून रजनी सिंचाई खात्याच्या जुन्या लोखंडी बोटीतून पलीकडे जायची. बोट हाकायला दादाराव नावाचा साठीचा माणूस होता.

या बोटीनं भादव्यात घात केला होता. बोटीला बॅटरी एकच. तिच्यावरच दिवा, तिच्यावरच बुडाशी झिरपलेलं पाणी उपसायचा पंप आणि तिच्यावरच इंजिन चालू करायचं. रजनी पलीकडच्या गावी सुया टोचत होती, तेवढ्या वेळात पंपानं बॅटरी पिऊन टाकली. इंजिन हूं का चूं करेना. दादारावनं बांबू टेकत टेकत बोट अलीकडे आणेपर्यंत दिवस मावळला, बर्फ वितळला आणि उरलेली सगळी लस फेकावी लागली. रजनी घरी येऊन आईच्या कुशीत रडली. लेकीला रडताना पाहिलं की मिस्त्रींचं डोकं फिरायचं. दुसऱ्याच दिवशी ते दवाखान्याच्या डॉक्टरांपुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, दोन बॅटऱ्या लावून देतो. एक फक्त इंजिन चालू कराले. तिले दुसऱ्या कोणत्याच कामाले हात लावायचा नाई. दिवा, पंप, भोंगा, सारं दुसरीवर. दुसरी मेली तरी पहिली जित्ती राह्यते. बोट पान्यात अडकनार नाई म्हणजे नाई."

डॉक्टरांनी खात्याकडे कागद फिरवला, सामान मिळालं आणि मिस्त्री तीन दिवस धरणावर मुक्कामाला गेले.

पहिल्याच दिवशी हातांनी दगा दिला असता. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या असल्या की एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडायचा, म्हणजे चोवीस व्होल्ट होतात. तीस वर्षांची सवय. हात आपसूक तिकडेच गेले. पट्टी कसायच्या आधी त्यांच्या लक्षात आलं, की हे इंजिन बारा व्होल्टचं आहे आणि इथे दोन्ही बॅटऱ्या वेगळ्याच ठेवायच्या आहेत. मिस्त्रींनी पट्टी काढून बाजूला ठेवली. मग आपण वेळेवर पकडलं म्हणून स्वतःचं कौतुकही वाटलं, आणि ते कौतुक पुढचे दोन दिवस अंगावर राहिलं. त्यांनी पहिल्या बॅटरीची जाड तार थेट सेल्फला नेली. दुसरीची तार फ्यूजमधून पंपाकडे आणि दिव्याकडे वळवली. दोघी इंजिनवर चार्ज व्हाव्यात म्हणून मधे चालू-बंद करायची मोठी चावी बसवली. दोन्ही बॅटऱ्यांना झाकणाची लाकडी पेटी केली आणि फ्यूजची जागा पेटीतच, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ठेवली. काम बघण्यासारखं झालं होतं.

आता फ्यूजची गोष्ट. तारेतून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट जायला लागला की फ्यूज स्वतः जळतो आणि तार वाचते. त्याचं काम तेवढंच. पण पांढुर्ण्याच्या रस्त्यावरच्या मिस्त्रींची एक पद्धत होती. काम चालू असताना खरा फ्यूज लावायचा नाही. जोडता-काढताना एखादी तार कुठे टेकते आणि फ्यूज फुकट जातो, आणि चांगला फ्यूज नागपूरहून आणावा लागतो. म्हणून तोवर त्याच्या जागी तांब्याच्या जाड तारेचा तुकडा अडकवायचा. सगळं तपासून झालं की तुकडा काढून फ्यूज बसवायचा. मोरेश्वर मिस्त्रींनी तेच केलं. दोन नवे फ्यूज कागदाच्या पुडीत बांधून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवले आणि तारेच्या तुकड्यावर पंप चालवला, दिवा लावला, इंजिन चालू केलं. एका झटक्यात चालू झालं.

तेवढ्यात डॉक्टरांची जीप आली. मंगळवार होता, सकाळचे दहा वाजले होते. डॉक्टर नारळ घेऊन आले होते, खात्याचे बाबू हार घेऊन आले होते. नव्या यंत्राची पूजा केल्याशिवाय ते पाण्यात कसं घालायचं? हळद-कुंकू बॅटरीवर पडू नये म्हणून मिस्त्रींनी पेटीचं झाकण लावलं. दादारावनं झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. बाबूंनी झेंडूचा जाडजूड हार पेटीला आडवा गुंडाळून दोन्ही बाजूंनी गच्च बांधून टाकला. नारळ फुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणी तरी मिस्त्रींच्या हातात खोबऱ्याचा तुकडा दिला.

"चला मिस्त्री," डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला सौंसरच्या स्टँडवर सोडतो. हीच जीप सिस्टरला आणि लसीला घेऊन परत येईल."

आता पूजेचा हार चढलेली पेटी पुन्हा कोण उघडणार? मिस्त्रींच्या मनात फ्यूज आला असता तर त्यांनी उघडलीही असती. पण तो मनात आलाच नाही. कौतुकाचे चार शब्द कानात, खोबरं तोंडात, आणि मिस्त्री जीपमध्ये जाऊन बसले.

स्टँडवर रजनी बर्फाची पेटी आणि सुया उकळायचा डबा घेऊन उभी होती. अर्ध्या मिनिटाची भेट.

"झालं का बाबा?"

"झालं. आता डोळे मिटून बस," मिस्त्री म्हणाले आणि पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढले.

जामसांवळीला बस थांबली. मंगळवारी मारुतीच्या दर्शनाला जत्रेसारखी गर्दी. अर्धी बस उतरली, अर्धी चढायला भांडत होती. मिस्त्रींनी खिडकीतूनच देवळाकडे हात जोडले आणि तंबाखूच्या डबीसाठी खिशात बोटं घातली. बोटांना पुडी लागली. कसली पुडी म्हणून त्यांनी उघडली, तर आत दोन फ्यूज. दोनच्या दोन.

मिस्त्रींना पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं. फ्यूजच्या जागी तांब्याची तार तशीच होती. पंपाची वायर डिझेलच्या टाकीला खेटून नेलेली होती, त्यांनीच नेलेली. पंप अडकला, वायर घासली, काही झालं, तरी ती जाड तार काही जळायची नाही. जळेल ती वायर. शेजारी डिझेल, खाली दोन पुरुष खोल पाणी, आणि बोटीत रजनी. तिला पोहता येत नव्हतं. आणि तिला त्यांनी डोळे मिटून बसायला सांगितलं होतं.

ते चढणाऱ्यांच्या अंगावरून, शिव्या खात, बसमधून उतरले. सौंसरकडे जाणारी बस तासाभरानं होती. फोन करायचा तर धरणावर फोन नव्हता. मिस्त्री रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. कापसाचा एक ट्रक कर्कश हॉर्न वाजवत त्यांच्यापासून चार हातांवर थांबला. तो हॉर्न त्यांनीच बसवलेला होता.

"मिस्त्री! मराले माईच गाडी भेटली का तुमाले?" गुलाब ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"गुलाब, धरनावर घे."

"धरनावर? कापूस जिनिंगच्या कारखान्यात चालला जी. तिकडे जिन हाय का?"

"माई पोरगी हाय तिकडे," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी ट्रकच्या दाराची मूठ धरली.

गुलाबनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दार उघडलं. वाटेत मिस्त्रींनी सगळं सांगितलं. गुलाब बडबड्या माणूस, पण ऐकून त्यानं फक्त गाडीचा वेग वाढवला. धरणाचा रस्ता बैलगाडीच्या मापाचा. दोन्ही बाजूंच्या बाभळी ट्रकवरचा कापूस ओरबाडत होत्या. मालकाला काय सांगायचं याची चिंता गुलाबनं एकदाही बोलून दाखवली नाही. मिस्त्री मात्र हाताची मूठ गुडघ्यावर आपटत स्वतःला शिव्या देत होते, आणि त्या साध्यासुध्या नव्हत्या.

काठावर बोट नव्हती. जाळं सुकवत बसलेल्या नत्थूजी कोळ्यानं सांगितलं, "बाई गेल्या ना जी. अर्धा घंटा झाला असन."

मिस्त्रींनी पाण्याकडे पाहिलं. दूर, अगदी मधोमध, बोट दिसत होती. ती चालत नव्हती. आवाजही नव्हता. आणि तिच्यावर धुराची बारीकशी रेघ होती.

"नत्थूजी, डोंगा काढ!"

नत्थूजीनं जाळं बाजूला फेकलं. दोघांनी लाकडी डोंगा पाण्यात ढकलला, गुलाबही पँट गुडघ्यापर्यंत वर करून ढकलायला आला. नत्थूजी वल्हं मारत होता आणि मिस्त्री पुढच्या टोकाला बसून हातांनीच पाणी मागे लोटत होते. त्यानं डोंगा वेगात जात नव्हता, उलट डुलत होता. "गुमान बसा जी, नाई तं आपनच बुडू," नत्थूजी म्हणाला. मिस्त्री गुमान बसले. अख्ख्या आयुष्यात त्यांना कुणी असं सांगितलं नव्हतं आणि त्यांनी असं ऐकलंही नव्हतं. धुराची रेघ आता दिसत नव्हती. विझली म्हणून दिसत नाही की ऊन डोळ्यांवर आलं म्हणून, हे त्यांना समजेना. ते मारुतीचं नाव घेत होते, मधेच चुकत होते, पुन्हा पहिल्यापासून घेत होते.

मग पाण्यावरून आवाज आला. घर्र... आणि लगेच इंजिनची धडधड. एका झटक्यात.

"चालू झाली ना जी!" नत्थूजी म्हणाला.

बोट वळली आणि त्यांच्याकडेच यायला लागली. मिस्त्रींनी डोळे बारीक केले. मागे दादाराव, पुढे पांढरी साडी. ती उभी होती. दोन्ही पायांवर, नीट, बर्फाची पेटी कडेवर घेऊन. मिस्त्री डोंग्याच्या ओल्या बुडाशी घसरून बसले. इतकं हलकं त्यांना लेकीच्या जन्माच्या वेळी, सुईणीनं बाहेर येऊन दोघीही बऱ्या आहेत असं सांगितलं तेव्हाच वाटलं होतं.

"बाबा? तुमी इथं काहून?" बोट जवळ येताच रजनी ओरडली.

नत्थूजीनं हात देऊन त्यांना बोटीत चढवलं. बोटीत जळक्या रबराचा वास भरून राहिला होता. हार तुटून पडला होता, पेटीचं झाकण उघडं होतं.

"लय वाचलो मिस्त्री," दादाराव सांगायला लागला. "मधात आलो तं पंपाचा आवाज बदलला. पेटीतून धूर! म्या घाबरून इंजिन बंद केलं. पन पोरीची हिंमत पाहा. तिनं हार तोडला, झाकन उघडलं. आत एक तार लालभडक. हात लावाची सोय नाई. तं तिनं सुया काढाचा चिमटा घेतला अन् ती तारच उपटून फेकली. पंप बंद, दिवा बंद, धूर बंद. मले वाटलं, आता इंजिन काई चालू होत नाई, बसा रात होईपर्यंत बांबू मारत. बटन दाबलं तं पहिल्याच झटक्यात चालू! हे तुमची पहिली बॅटरी नसती, तं काई खरं नवतं." दादारावनं दोन्ही हात जोडले. "कारीगर मानूस हाय तुमी."

नत्थूजीनं मान डोलावली. चूक कोणाची, हे कोणाला माहीत नव्हतं. रजनीनं बोटीच्या बुडातून काळी पडलेली तांब्याची तार उचलून पुढे धरली आणि साध्या कुतूहलानं विचारलं, "हे काय होतं बाबा?"

इथं मिस्त्रींना गप्प राहता आलं असतं. वायर खराब निघाली म्हटलं असतं तरी तिघांनी मान्य केलं असतं. त्यांनी खिशातली पुडी काढून लेकीच्या हातावर ठेवली.

"हे तिथं पाह्यजे होतं. म्या तार लावून ठेवली अन् इसरलो. हार बांधला, नारळ फोडला, अन् इसरलो. माई चुकी हाय, रजने. तुले डोळे मिटून बस म्हटलं, अन् मीच डोळे मिटून निघून गेलो."

रजनीनं पुडी उघडून पाहिली. मग वडिलांकडे पाहिलं. राग तिला बापाकडूनच आला होता.

"एक सुई टोचाच्या आधी वीस मिनिटं उकळून घेतो आमी," ती म्हणाली. "एकदा बी इसरत नाई. दारात पन्नास बाया उभ्या राह्यल्या तरी इसरत नाई. घाईत टोचली अन् एखादं लेकरू गेलं, तं त्याच्या मायले काय सांगाचं?" तिनं पुडी मुठीत आवळली. "अन् तुमी नारळासाठी इसरले!"

"हो," मिस्त्री म्हणाले.

त्यांच्या तोंडून इतका छोटा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. त्यानंच तिचा राग अर्ध्यावर थांबला. तिनं तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "बसा मंग. लावा. बर्फ अजून हाय. तिकडे लेकरं वाट पाहून राह्यली."

मिस्त्री कामाला बसले. पंप उघडला तर आत झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा. हारातली फुलं गळून बुडाशी पडली, पाण्याबरोबर पंपात गेली आणि पंप अडकला होता. खरा फ्यूज असता तर त्याच क्षणी टिक् करून उडाला असता आणि कोणाला धूर दिसलाही नसता. त्यांनी पंप साफ केला, जळालेली वायर पूर्ण काढली आणि दिव्याची वायर तोडून पंपाला नवी ओढली, टाकीपासून लांबून, दुसऱ्या बाजूनं. दिव्याचं उद्या बघता येईल. मग पुडीतला एक फ्यूज जागेवर बसवला.

"झालं?" रजनीनं विचारलं.

"नाई," मिस्त्री म्हणाले. "अजून नाई म्हणनार मी."

त्यांनी जवळचं फडकं गुंडाळून मुद्दाम पंपात कोंबलं आणि बटण दाबलं. पंप गुरगुरला, अडकला. पेटीत टिक् असा बारीक आवाज झाला आणि सगळं शांत. मिस्त्रींनी नव्या वायरवरून टोकापासून टोकापर्यंत तळहात फिरवला. थंडगार. काचेतला फ्यूज काळा पडला होता. तो उन्हात धरून ते असे हसले, की दादाराव आणि नत्थूजी एकमेकांकडे बघायला लागले. एवढ्या वर्षांत फुकट गेलेल्या फ्यूजवर मिस्त्रींना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. फडकं काढून त्यांनी दुसरा फ्यूज बसवला. आता वायर, पंप, चावी, सगळं रजनीला दाखवलं. तिनंही प्रत्येक जागी हात लावून बघितलं आणि मगच झाकण लावू दिलं.

"आता झालं," मिस्त्री म्हणाले.

"मंग चला," रजनी म्हणाली.

"कुठं?"

"पलीकडे. आज मदतीले कोनी नाई. लेकरं धराले मानूस पाह्यजे."

पलीकडच्या गावात शाळेच्या ओट्यावर बाया लेकरं घेऊन ताटकळल्या होत्या. रजनीनं सुया आणि चिमटा वीस मिनिटं उकळून घेतले, डबा उघडला, चिमट्यानं सुई उचलली, आणि मिस्त्रींनी पहिलं लेकरू मांडीवर घेतलं. आठ-दहा महिन्यांची मुलगी होती, काजळ लावलेली, त्यांच्या शर्टाची गुंडी धरून बसलेली. सुई टोचताच तिनं टाहो फोडला. मिस्त्रींनी तिला छातीशी धरलं, "झालं झालं, माय, झालं," म्हणाले, आणि त्यांना एकदम आवरेना. जामसांवळीपासून दाबून धरलेलं सगळं रडू घळाघळा बाहेर आलं. रजनीनं एकदा पाहिलं आणि पुढची सुई हातात घेतली. त्या दुपारी ओट्यावर एकतीस लेकरं रडली. एवढ्या रडारडीत आणखी एक माणूस रडतो आहे, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.